आक्कांची गाडी उलाळ नव्हती

पद्मा आक्कांचा विषय निघाला की मी काहीतरी निमित्त काढून उठतो. गोठ्यात जातो, नाहीतर गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे का ते बघायला जातो. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला शेजारणीची आठवण सोसत नाही. ते खोटं नाही. पण उठून जाण्याचं खरं कारण वेगळं आहे, आणि ते मी घरात, भावकीत, कट्ट्यावर कुठंच सांगितलं नाही. वर्षानुवर्षं टाळत आलो.

आमच्या उचगावात आक्कांबद्दल एक वाक्य ठरून गेलं आहे. बाई हुशार होती, पण पाण्याच्या हट्टापायी गाडी उलटवून बसली. ज्यांनी आक्कांना कधी पाहिलं नाही अशा नव्या सुनाही हे वाक्य म्हणतात. आक्का जाऊन काही वर्षं झाली, वाक्य मात्र धडधाकट आहे. ते चुकीचं आहे. पण ते दुरुस्त करण्याआधी आक्का कशा होत्या ते सांगायला हवं, नाहीतर मी काय मोडलं ते तुम्हाला कळायचं नाही.

आक्कांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. आम्ही शेती-दुधावरचे पाटील, त्या शेतकरी जैनांच्या. मी दूध डेअरीत नोकरी करून निवृत्त झालो. त्यांच्या यजमानांचं शिरोली एमआयडीसीत लहानसं मशीन शॉप होतं. यजमान अचानक गेले तेव्हा शॉप आता विकायचं, असं भावकीनं परस्पर ठरवून टाकलं. सुतक फिटलं त्या दिवशी आक्का नवऱ्याचे कामावरचे बूट घालून शॉपमध्ये जाऊन बसल्या. बूट मोठे होते म्हणून पुढं चिंध्या कोंबलेल्या. नंतर त्यांनी आपल्या मापाचे बूट घेतले, पण साडीखाली बूट हा पोशाख कायमचा झाला. लग्नाकार्यालाही तोच. कुणी हसलं तर म्हणायच्या, "पायावर बिडाचा तुकडा पडू दे, मग हसा."

आवाज लेथ मशीनच्या आवाजावर चढवून चढवून तयार झालेला. शेजारी मीठ मागायला आल्या तरी गल्लीला कळायचं की यांच्याकडचं मीठ संपलंय. बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण वाटी कधी रिकामी परत यायची नाही. मूलबाळ नव्हतं. दिराचा मुलगा अभय लहानपणापासून त्यांच्याच हाताखाली वाढला आणि पुढं शॉप सांभाळू लागला. त्याला त्या माहेरच्या कानडी सवयीनं तम्मा म्हणायच्या. माहेर चिकोडीकडचं. तिकडं लहानपणी वडिलांबरोबर बैलगाडी भरायला त्या जायच्या, आणि त्या गाडीनं त्यांना जन्मभराचं एक वेड लावलं होतं. कुठलीही भरलेली गाडी दिसली की त्यांची नजर आधी तिच्या चाकांकडं जायची, मग मालाकडं, आणि मग तोंड सुरू.

एकदा उचगाव फाट्यावर सिमेंटच्या पोत्यांनी भरलेला एक टेम्पो उभा होता. पोती सगळी मागं सारलेली. आक्का अभयच्या स्कूटरवरून उतरल्या आणि थेट ड्रायव्हरच्या खिडकीशी गेल्या.

"पावणं, म्होरं काय देव बसवणार हाय काय? सगळं मागं सारलंय त्ये."

ड्रायव्हर वैतागला. "आजी, तुम्ही कोण?"

"मी मागनं येणारी," आक्का म्हणाल्या.

त्यानं मुकाट्यानं दोन-चार पोती पुढं ओढली. आक्का तोवर तिथंच उभ्या.

बैलगाडीत मागच्या बाजूला माल जास्त झाला की गाडीचं तोंड वर उचलतं, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं आणि गळ्याला पट्टा आवळायला लागतो. अशा गाडीला आमच्याकडं उलाळ म्हणतात. आक्कांच्या तोंडी हा शब्द दिवसातून एकदा तरी यायचाच. लग्नात जेवणाच्या टेबलावर सगळ्या गोड पदार्थांची पातेली एका टोकाला मांडली असली तरी त्या म्हणायच्या, टेबल उलाळ झालंय. एखाद्यानं कर्ज काढून बंगला बांधला तर तो माणूस उलाळ. माणसांची प्रतवारीही त्यांनी याच मापानं लावली होती. माझ्याबद्दल त्यांचं मत चांगलं होतं. "विलासराव म्होरं जड हायेत," असं त्या माझ्या बायकोला, इंदूला सांगायच्या. म्हणजे माणूस भरवशाचा. हे मला इंदूनं कौतुकानं सांगितलेलं, आणि आज ते लिहिताना हात अडतो.

शॉप अभयच्या हाती नीट गेल्यावर आक्कांनी ठरवलं की आता तीर्थक्षेत्रं बघायची. पण त्यांचं जेवण सूर्य मावळायच्या आत, कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य, आणि पाणी घरच्या आडाचं, स्वतःच्या हातानं गाळलेलं. एकदा यात्रा कंपनीच्या बसनं गेल्या त्या केळी आणि चिरमुऱ्यांवर दिवस काढून परत आल्या. येताना बसमध्येच विचार पक्का झाला होता. दुसऱ्या दिवशी शॉपच्या मागं गवतात पडलेली जनरेटरची जुनी दोनचाकी ट्रॉली त्यांनी ओढून बाहेर काढायला लावली आणि अभयला म्हणाल्या, याचं स्वयंपाकघर करायचं. जीप हायच, तिच्या मागं जोडायचं.

अभय म्हणाला, काकी, डबा घेऊन जा की. त्यावर जे ऐकायला मिळालं ते तो आजही सांगतो.

ते काम बघायला मी रोज जात होतो. जनरेटर जड असतो, स्वयंपाकघर हलकं. म्हणून ट्रॉलीच्या स्प्रिंगच्या पाट्यांतला एक पाटा त्यांनी काढायला लावला, नाहीतर रस्त्यावर भांडी नाचतील. पुढचा दांडा लांब करून घेतला, कारण आखूड दांड्याची गाडी लवकर बिथरते. ॲक्सल थोडा मागं सरकवला. वर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं घर. एक बाजू उघडून खाली घेतली की तिचाच ओटा व्हायचा. गॅसची लहान टाकी आत नव्हे, बाहेर पुढच्या अंगाला, तळाला भोकं असलेल्या पेटीत, उभी आणि पट्ट्यानं आवळलेली. गॅस गळला तर खाली जमिनीकडं जातो, त्याला वाट हवी, असं त्यांनी मला त्या भोकांतून बोट घालून दाखवलं. दांड्याच्या टोकाला जीपला जोडायचा हूक, त्याच्या पिनेखाली दोन साखळ्या, एकमेकींवरून फुली मारून. पिन तुटली तरी दांडा जमिनीला टेकू नये, साखळ्यांच्या झोळीत पडावा, म्हणून. अभयनं जी साखळी आणली ती आक्कांनी बघितली आणि म्हणाल्या, ही पाळण्याला बांध. मग जाड आणली.

पाण्याची स्टीलची टाकी बरोबर चाकांच्या वर. डाळ-तांदळाचे डबे, कुकर, दगडी खलबत्ता, सगळं जड सामान तळाशी आणि चाकांच्या किंचित पुढं. सगळ्यात मागं एक लांबट पेटी होती. तिच्यात फक्त चटई, केरसुणी आणि छत्री. ती जवळजवळ मोकळीच असायची आणि बघणाऱ्याला ती जागा वाया गेल्यासारखी वाटायची. मलाही वाटायची.

आरटीओत पासिंगला नेली तेव्हा साहेबांनी आत डोकावून विचारलं म्हणे, की हे नेमकं काय म्हणून लिहायचं. आक्कांनी ओटा उघडला, सरबत केलं आणि साहेबांच्या हातात पेला देऊन म्हणाल्या, आता तुम्हीच सांगा काय लिहायचं ते.

पहिली चाचणी कळंब्याच्या तलावावर. आक्का, अभय, इंदू आणि मी. संध्याकाळी तलावाकाठी ओटा खाली केला, आक्कांनी दशम्या आणि मुगाची उसळ काढली, तेवढ्यात फिरायला आलेला एक गृहस्थ येऊन उभा राहिला.

"एक मिसळ द्या, तर्री जादा."

"मिसळ न्हाय. उसळ हाय."

"बरं, उसळ. कांदा टाका."

"कांदा न्हाय."

"मग लिंबू-कांदा तरी…"

"अवो, कांदा न्हाय म्हटल्यावर लिंबाबरोबर कुठनं येईल?" आक्कांनी त्याच्या हातात ताट दिलं. "बसा. जेवा. पैशे न्हाईत. ताट धुवून ठिवायचं, एवढंच."

त्याच्यामागं आणखी दोघं आले. सूर्य बुडायच्या आत आक्कांचं स्वतःचं जेवण कसंबसं उरकलं, आणि आम्ही बाकीच्या तिघांनी परत येताना उचगावात भजी खाल्ली, कारण उसळ संपली होती. त्या दिवशी आक्का जीपमध्ये पुढं बसून चक्क गुणगुणत होत्या. इतकी वर्षं शेजारी राहून मी ते पहिल्यांदा ऐकलं.

मग वर्ष-दीड वर्ष ती गाडी फिरली. कुंभोजला, सोलापूरकडं, कर्नाटकात. कधी गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या बरोबर, कधी आम्ही. आणि प्रत्येक निघण्याचा एक विधी होता. सामान भरून झालं की आक्का घरातला वजनकाटा आणायच्या, माणसं वजन करायला वापरतात तो. तो विटांवर ठेवून गाडीचा हूक त्यावर टेकवायचा. काट्याच्या काचेवर त्यांनी लाल रंगानं दोन रेघा मारल्या होत्या. काटा त्या दोन रेघांच्या मध्ये आला म्हणजे नाक पुरेसं जड. अलीकडं राहिला तर गाडी उलाळ, वेगात शेपटीसारखी झुलणार; पलीकडं गेला तर जीपची पाठ मोडणार. काटा बरोबर आला की त्या हुकावर कुंकवाचं बोट लावायच्या. बोट लागलं की गाडी बंद. त्यानंतर तिच्यात हातरुमालसुद्धा टाकायचा नाही.

इंदूनं एकदा बोट लागल्यावर देवाला म्हणून एक नारळ आत ठेवला. अर्ध्या वाटेत ते बोलण्यातून निघालं. आक्कांनी जीप थांबवायला लावली, वजनकाटा काढला, रस्त्याकडेला पुन्हा विटा शोधल्या. काटा रेघांच्या मध्येच होता. इंदू म्हणाली, बघा, एका नारळानं काय होतंय? आक्का म्हणाल्या, "नारळानं काय हुत न्हाय, इंदू. पर आज नारळ, उद्या पोतं. बोट लागल्यावर ज्यानं हात घातला त्याला उद्याबी घालावासा वाटतोय."

बोट लागल्यावर गाडीभोवती शेवटची फेरी मारायचं काम त्यांनी मला दिलं होतं. दिवे, पिन, साखळ्या, टायरची हवा, पेट्यांची कुलपं. किल्ल्यांचा जुडगा तेवढ्यापुरता माझ्याकडं. तो जुडगा त्या अभयलाही देत नसत.

आता त्या खेपेचं सांगतो.

माझी मुलगी धारवाडला दिलेली. तिला पहिला मुलगा झाला होता आणि बारसं ठरलं होतं. इंदू आधीच तिकडं गेली होती. त्याच सुमारास आक्का श्रवणबेळगोळला निघाल्या होत्या. वाटेत मला धारवाडला सोडायचं आणि पुढं जायचं, असं ठरलं. हंगाम गुऱ्हाळांचा. भावानं आमच्या उसाचा नवा गूळ धाडला होता, तीन मोठे रवे. गुळाच्या ढेपेला आम्ही रवा म्हणतो. एकेक उचलताना कंबर धरावी असे. नातवाच्या बारशाला आजोबांनी आपल्या शेतातला गूळ न्यायचा, व्याह्यांच्या घरी तो सगळ्यांसमोर उतरवायचा, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आदल्या दिवशी मी आक्कांना विचारलं. त्यांनी गाडीकडं बघितलं, रव्यांकडं बघितलं आणि म्हणाल्या, खेप लांबची आहे, डबे-पाणी सगळं भरलेलं आहे, जीपमध्ये बिछाने आहेत, एवढं वजन बसायचं नाही. एक लहान रवा मांडीवर घ्या, बाकीचा पुढच्या खेपेला नेऊ. मी बरं म्हणालो. पण मनात राग आला. कांद्याला नाही म्हणतात, नारळाला नाही म्हणतात, आता गुळालाही नाही. मांडीवर रवा घेऊन व्याह्यांच्या दारात उतरू? मी काय बाजारातून आलोय?

सकाळी वजन झालं. काटा रेघांच्या मध्ये आला. कुंकवाचं बोट लागलं. आक्का बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेल्या, अभय जीपमध्ये डिझेल भरायला गेला. मी किल्ल्या घेऊन फेरी मारू लागलो. मागची पेटी उघडली. चटई, केरसुणी, छत्री. बाकी मोकळी. मी घरात गेलो आणि एकेक रवा आणून त्या पेटीत ठेवला. चटई वरून झाकली. कुलूप लावलं. हुकावरचं कुंकू ओलं होतं अजून.

आक्का आल्या, किल्ल्या घेतल्या, विचारलं, "सगळं बगितलासा न्हवं?" मी म्हणालो, सगळं बघितलं, आणि गूळ राहू दे, पुढच्या खेपेलाच नेऊ.

निपाणीपर्यंत काही जाणवलं नाही. अभय एकदा म्हणाला, आज गाडी हलकी वाटते हाताला. आक्का म्हणाल्या, सावकाश चल. निपाणीच्या पुढं घाट उतरायला लागलो, उताराला जीपनं थोडा वेग घेतला आणि मागची गाडी डाव्या-उजव्या अंगाला झुलायला लागली. आधी थोडी, मग प्रत्येक झोक्याला जास्त. जीपची पाठ आपल्याखालून कुणीतरी ओढतंय असं वाटायचं. अभयनं घाबरून ब्रेक दाबला.

"बिरेक सोड, तम्मा, सोड त्यो," आक्का ओरडल्या. त्यानं सोडलाही, पण उशीर झाला होता. गाडी आडवी आली, जीप फिरली आणि कठड्याला घासत जाऊन थांबली. मागची गाडी एका अंगावर उलटली होती. पिन निघाली होती. साखळ्यांनी मात्र तिला धरून ठेवलं होतं, नाहीतर ती दरीत गेली असती आणि जाताना कुणाला घेऊन गेली असती ते सांगता येत नाही. आम्ही तिघं वाचलो ते आक्कांनी पाळण्याची साखळी परत पाठवली म्हणून.

अभयचं मनगट स्टिअरिंगमध्ये पिळवटून मोडलं होतं. एका मोटारवाल्यानं त्याला आणि आक्कांना निपाणीच्या दवाखान्यात नेलं. मी गाडीजवळ थांबतो म्हणालो. थांबण्याचं कारण मला माहीत होतं. मागची पेटी फुटून उघडी पडली होती. एक रवा फुटून रस्त्यावर पसरला होता, दोन गवतात. उन्हात त्याचा वास सुटला होता. रस्त्याचं काम करणारे काही लोक धावून आले होते. त्यांनी गाडी उभी केली, भांडी गोळा केली. मी त्यांना म्हणालो, गूळ घेऊन जा सगळा. ते नको नको म्हणत होते. मी बळंच त्यांच्या पाट्यांत घातला. फुटलेले खडे पायानं कडेला लोटले. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, पावणं, एवढं नुसकान होऊनबी मन मोठं हाय तुमचं.

दवाखान्यात गेलो तेव्हा अभयला आत नेलं होतं. आक्का बाहेर बाकावर बसल्या होत्या. एका पायात बूट होता, दुसऱ्यात नव्हता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, अगदी खालचा.

"काय चुकलं, विलासराव? मी काय इसरलो?"

तेव्हा सांगता आलं असतं. अभय आत होता, दुसरं कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "टाकी पूर्ण भरली नव्हती का? पाणी हिंदकळलं असेल."

आक्का सकाळपासूनचं एकेक काम बोटांवर मोजत गेल्या. मग म्हणाल्या, "व्हय. सकाळी देवाला पाणी काढलं मी त्यातनं. परत भरली न्हाय." आणि त्यांनी कपाळावर हात मारला नाही की काही नाही. नुसती मान हलवली, एखादा हिशेब पटल्यावर हलवतात तशी.

चूक आपलीच, असा त्या दिवशी त्यांचा निर्णय झाला आणि तो त्यांनी कधी बदलला नाही. भावकी जमली, दीर म्हणाले, आता हे थेर बंद. आक्कांनी एरवी असं कुणाचं ऐकून घेतलं नसतं. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी आहे, माझ्या पाण्याच्या हट्टानं पोराचा हात मोडला. अभयचं मनगट नंतर जुळलं, पण पूर्ण वळत नाही. तो बारीक काम करायला बसला की आक्का शॉपमधून उठून जायच्या. पुढं शॉपमध्ये जायच्याच कमी झाल्या. श्रवणबेळगोळ राहिलं ते राहिलंच. अभयनं कितीदा म्हटलं, काकी, मोटारीनं नेतो. त्या म्हणायच्या, माझी यात्रा झाली.

ती टाकी त्यांनी स्वतः पाना घेऊन काढली आणि माझ्या दारात आणून ठेवली. म्हणाल्या, तुमच्या म्हशींना पाणी प्यायला होईल, मला ती डोळ्यांसमोर नको. मी नको कसं म्हणणार? ती माझ्या गोठ्यात बसली, आणि रोज सकाळी मी तिच्यात पाणी ओतत होतो.

एकदा त्यांच्या परसात गेलो होतो. गाडी तिथं झाडाखाली उभी होती. आक्का तिच्या मागच्या बाजूला वाकून बघत होत्या.

"विलासराव, हितं मुंग्या कशाला लागल्यात?"

फुटक्या पेटीच्या कोपऱ्यातून मुंग्यांची बारीक ओळ खाली उतरत होती. मी म्हणालो, चटईवर कधी काही सांडलं असेल. त्यांनी ते लगेच मानलं. एवढ्या चाणाक्ष बाईनं, जिला टेम्पोवाला फसवू शकत नव्हता, तिनं माझं बोलणं न तपासता मानलं. कारण मी म्होरं जड होतो.

परवा अभयच्या शॉपवर गेलो होतो. तो आता अशाच लहान गाड्या बनवतो, फिरायला जाणाऱ्या लोकांसाठी. चांगलं चाललं आहे. एक गिऱ्हाईक विचारत होतं, पाण्याची टाकी का नाही बसवत? अभय म्हणाला, "आमच्या काकीनं बसवलेली. गाडी उलटली. तिची चूक मी करणार न्हाय." तो हे प्रेमानंच म्हणाला. गिऱ्हाईक गेल्यावर मी त्याला बाजूला घेतलं आणि गुळाचं सगळं सांगितलं.

तो ऐकत होता आणि डाव्या हातानं उजवं मनगट चोळत होता. त्यानं काही शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. शेवटी म्हणाला, "तिला सांगितला असता तर तिनं गल्लीभर ऐकू जाईल अशा शिव्या घातल्या असत्या. आन् मग जेवाय वाढलं असतं. आन् दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढली असती." मग म्हणाला, "ती टाकी हाय न्हवं अजून? मला द्या."

संध्याकाळी तो येऊन ती घेऊन गेला. शॉपमध्ये जी गाडी तयार होत होती तिच्या चाकांच्या बरोबर वर बसवली. आता म्हशी बादलीतनं पाणी पितात.

अभयला सांगून झालं, आता गावाला सांगतोय. ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगायला मी एकदा गेलो होतो. आक्का आजारी होत्या तेव्हाची गोष्ट. गुऱ्हाळं नुकतीच सुरू झाली होती. मी मुद्दाम नव्या गुळाचा एक लहान रवा पिशवीत घेतला. वाक्य पाठ केलं होतं: आक्का, मागच्या पेटीत गूळ होता, मी ठेवला होता, तुमचं काही चुकलं नव्हतं, मला माफ करा. त्या तेव्हा दिरांच्या नव्या घरी राहायच्या, म्हणून स्कूटरनं गेलो. वाटभर ते वाक्य म्हणत गेलो.

त्या ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या. वाळल्या होत्या, पण पायांत बूट होते. मी रवा पुढं ठेवला. त्यांनी खडा मोडून जिभेवर ठेवला, डोळे मिटून चघळला, चांगला आहे म्हणाल्या. मी घसा साफ केला. तेवढ्यात त्याच बोलल्या.

"तुमच्या नातवाच्या बारशाला मी गूळ नेऊ दिला न्हाय, विलासराव. आज्जा रिकाम्या हातानं गेला. ते माझ्या मनातनं जाईना बगा. माफ करा मला."

पाठ केलेलं वाक्य तोंडात होतं. मी म्हणालो, "असू दे की, आक्का."

मग त्या नातू कितवीत गेला ते विचारत राहिल्या. मी सांगत राहिलो. उठलो तेव्हा त्यांच्या जावेनं मला परसातल्या पपया पिशवीत भरून दिल्या. मी पिशवी स्कूटरच्या मागच्या कॅरिअरला अडकवायला लागलो.

"अवो, मागं कशाला?" ओसरीवरून आवाज आला, जुन्यासारखा, गल्लीला ऐकू जाईल असा. "म्होरं घ्या, पायापाशी. उलाळ हुईल."

मी पिशवी काढली आणि पुढं पायांशी ठेवली. आक्कांनी ती नीट बसली का ते मान उंच करून बघितलं आणि जा म्हणून हात केला. मी स्कूटर सुरू केली. कोपऱ्यावर गेल्यावर थांबलो, पाय टेकवले आणि ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता, तिथं रस्त्यावर उभं राहून म्हटलं.